धर्मानंद कोसंबी : शिकण्यासाठी चालत राहिलेला माणूस

४ जून हा धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. १९४७ साली याच दिवशी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. दरवर्षी हा दिवस येतो तेव्हा बारावीचे निकाल लागलेले असतात, कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ चालू असते आणि आपली मुले-मुली पुढे काय करायचे या विचारात असतात. म्हणून कोसंबींची आठवण या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांच्या बाजूने करायचे ठरवले आहे.

सुरुवात बीड जिल्ह्यातल्या नारायणगडापासून करू. या गडावरून दरवर्षी आषाढीला संत नगद नारायण महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. गडाच्या भोवतालच्या गावांना या प्रवासाची जुनी सवय आहे. दुसराही एक प्रवास या गावांच्या अंगवळणी पडला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको कोयता घेऊन निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडाजवळ कोपी घालून राहतात आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परत येतात. पहिला प्रवास श्रद्धेचा, दुसरा पोटाचा. या जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांतली कितीतरी मुले या दुसऱ्या प्रवासात वाढली. चौथी-पाचवीच्या वयात त्यांनी चार जिल्हे पाहिलेले असतात, पण त्या पाहण्याला कुणी शिक्षण म्हणत नाही.

तिसरा प्रवास शिकण्यासाठीचा. तो आपल्याकडे अजून नवा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना क्रेडिट दिले. मग विद्यार्थी विचारू लागले : जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा नीट काम मिळत नाही, मग पुण्या-मुंबईला कुणाच्या जिवावर जायचे? राहायचे कुठे, खायचे काय? आणि तीन महिने फायली उचलून प्रमाणपत्र मिळाले, तर त्याला शिकणे म्हणायचे का?

हे प्रश्न खरे आहेत. आम्ही त्यांना तयार उत्तर देणार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी खिशात पैसा नसताना, इंग्रजी येत नसताना, मॅट्रिकसुद्धा न होता एक माणूस घरातून निघाला आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाचे संपादन करू लागला. तो कसा शिकला, त्याची किंमत कुणी मोजली आणि शिकलेले त्याने कुणाच्या पदरात टाकले, हे आम्ही सांगणार आहोत.

नारळाच्या बागेतला मुलगा

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, नारळाच्या बागायतीवर चालणारे. शाळा थोडीफार मराठी झाली आणि थांबली. प्रकृती नाजूक होती. लहान वयात लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. बागेची देखभाल करायची, नारळ उतरवून विकायचे आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचायचे, असा दिवस जायचा. तुकारामांच्या गाथेने त्यांच्या मनाची पकड घेतली होती.

अशात त्यांच्या हाती 'बालबोध' हे मुलांचे मासिक आले. त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र छापले होते. ते वाचून कोसंबी अक्षरशः भारले गेले. बुद्धाची शिकवण मुळातून समजून घ्यायची, हा एकच ध्यास लागला. पण त्या काळी बुद्धाबद्दल मराठीत वाचायला जवळजवळ काही नव्हते. मूळ ग्रंथ पालीत, आणि पाली शिकवणारे गोव्यात कुणी असणे शक्यच नव्हते.

इथे तरुण मित्रांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोसंबी जग पाहायला निघाले नाहीत. त्यांच्याजवळ एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर गावात मिळत नव्हते, म्हणून ते निघाले. इंटर्नशिप शोधताना आपण आधी कंपनीचे नाव विचारतो, पैसे विचारतो. तेही विचारावेच. पण आपला प्रश्न कोणता, हे ठरलेले नसेल तर माणूस कुठेही जाऊन आला तरी तसाच परत येतो.

घर सोडण्याचे आधीचे काही प्रयत्न फसल्यावर १८९९ च्या अखेरीस कोसंबी गोव्याबाहेर पडले. मागे तरुण बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक राहिल्या. या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत, कारण थोर माणसांच्या चरित्रात ही बाजू एका ओळीत उरकली जाते.

पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश

पहिला मुक्काम पुण्याला. तिथे डॉ. रा. गो. भांडारकरांची भेट झाली आणि प्रार्थना समाजाशी ओळख झाली. पाली समजायची तर आधी संस्कृत हवे, म्हणून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले. काशीत शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण घोकायचे आणि अन्नछत्रात जेवायचे, असे ते दिवस होते. कपडालत्ता धड नाही, पोटभर अन्नाची खात्री नाही. तरी संस्कृताचा पाया पक्का झाला.

१९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळला गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूला, तेव्हा तिथे बुद्धाचा धम्म जिवंत असेल अशी आशा होती. काठमांडूत पाहिले ते वेगळेच निघाले. पूजाअर्चा होती, पशुबळी होते, पण ज्या शिकवणीसाठी एवढी पायपीट केली तिचा पत्ता लागेना. निराश होऊन ते बुद्धगयेला आले. पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जावे लागेल, असे तिथे कळले. मग कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत झाली आणि त्याच वर्षी ते कोलंबोला पोहोचले.

कोलंबोचे विद्योदय विद्यालय हे तेव्हा पाली अध्ययनाचे मोठे केंद्र होते. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ते १८७३ मध्ये स्थापले होते. कोसंबी तिथे श्रामणेर झाले आणि त्यांच्याकडे पाली शिकू लागले. पण नुसती भाषा शिकून भागणार नव्हते. पाली ग्रंथ सिंहली लिपीत होते, म्हणून ती लिपी शिकले. तिथले जेवण त्यांच्या पोटाला मानवेना, तब्येत खालावली. तरी ग्रंथ सोडले नाहीत. पुढे मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले. तिथे भिक्खू झाले, ब्रह्मी लिपी शिकले आणि ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात भारतात येऊन बुद्धगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर अशा बौद्ध स्थळांची यात्रा केली, तीही बरीचशी पायी आणि भिक्षेवर.

आजच्या भाषेत सांगायचे तर साडेसहा वर्षांची ही इंटर्नशिप होती. तिला ना विद्यापीठ, ना मार्क, ना प्रमाणपत्र. पण तिच्या शेवटी कोसंबींच्या हाताला एक कसब आले होते. एकच पाली ग्रंथ सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितांत शेजारी-शेजारी ठेवून, पाठभेद तपासून शुद्ध पाठ ठरवणे त्यांना जमू लागले. पुस्तके वाचून पाली शिकलेले विद्वान युरोपात होते. पण विहारात राहून, भिक्खूंच्या तोंडून ऐकून आणि स्वतः तो विनय पाळून शिकलेला भारतीय अभ्यासक त्या काळी विरळा. पुढे हार्वर्डला गरज पडली ती याच कसबाची.

अन्नछत्राची पंगत आणि बडोद्याची फाइल

इथे थोडे थांबू. कोसंबींचे कष्ट खोटे नाहीत. पण त्यांच्या वाटेवरची काही दारे जातीने उघडली होती, हे आपण सांगितले नाही तर कोण सांगणार? काशीचे अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्याला फुकट जेवू घालत होते. शास्त्री ब्राह्मण मुलालाच संस्कृत शिकवत होते. त्याच काळात मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या मुलाला संस्कृत घेऊ दिले गेले नाही, फारसी घ्यावी लागली. एकाला उपाशीपोटी का होईना काशीला जाता आले. दुसऱ्याला आपल्याच शहरातल्या शाळेत संस्कृताच्या वर्गाबाहेर राहावे लागले.

हे दोघे एका ठिकाणी मात्र जोडले जातात. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दोघांनाही हात दिला. १९०८ च्या सुमारास कोसंबी कलकत्त्यात पाली शिकवत होते आणि तिथला पगार बरा होता. महाराष्ट्रात राहून बौद्ध धम्मावर लिहिणार असाल तर दरमहा ५० रुपये देऊ, असे सयाजीरावांनी कळवले. कोसंबींनी जास्तीचा पगार सोडून ५० रुपये पत्करले. कारण ज्या भाषेत ते स्वतः बुद्धाला पहिल्यांदा भेटले, त्या भाषेतल्या वाचकापर्यंत त्यांना पोहोचायचे होते. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' या पुस्तकात छापली गेली.

बाबासाहेबांना सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरीचा करार होता. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कोसंबी १९१२ मध्येच अमेरिकेतून परतले होते, त्यामुळे तिथे दोघांची गाठ पडली नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब करारानुसार बडोद्याला रुजू झाले. कोलंबिया आणि लंडन पाहिलेल्या या माणसाला शहरात राहायला घर मिळेना. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकत. पाणीसुद्धा मिळत नसे. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले अकरा दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. बाबासाहेबांना बडोदा सोडावे लागले.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणतात तो हाच. विद्यापीठ तुम्हाला विषय शिकवते, कामाची जागा तुम्हाला समाज शिकवते. आमच्या ज्या विद्यार्थ्यांना शहरात आडनाव विचारून खोली नाकारली जाते, त्यांनी हा प्रसंग विसरू नये. तुमच्या इंटर्नशिपच्या अहवालात ही गोष्ट लिहायला रकाना नसतो. तरीही ती लिहा.

हार्वर्डचे दिवस : काम कुणाचे, नाव कुणाचे

हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असता त्यांची आणि कोसंबींची ओळख झाली. हार्वर्डला एक अडलेले काम होते. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या थोर ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतले होते, पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. पाठ तपासून ते काम पुरे करू शकेल असा माणूस हवा होता. १९१० मध्ये कोसंबी इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेले आणि प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याबरोबर कामाला बसले.

काम पुढे गेले, पण मतभेद झाले. संपादक म्हणून ग्रंथावर कुणाचे नाव कसे यावे, या मुद्द्यावर लॅनमन आणि कोसंबी यांचे जुळेना. काम आपण करायचे आणि नाव दुसऱ्याने लावायचे, हे कोसंबींना मान्य नव्हते. १९१२ मध्ये ते परत आले. पुढे वुड्स यांच्या आग्रहाने १९१८ ते १९२२ या काळात ते पुन्हा गेले. त्यानंतर १९२६-२७ आणि १९३१-३२ मध्येही त्यांनी हार्वर्डच्या वाऱ्या केल्या. एवढे होऊनही तो ग्रंथ तिकडे छापून यायला १९५० साल उजाडले. मुखपृष्ठावर वॉरन यांच्याबरोबर कोसंबींचे नाव होते. कोसंबी तेव्हा हयात नव्हते. मात्र त्याआधी १९४० मध्ये त्यांनी हाच ग्रंथ देवनागरीत मुंबईहून प्रसिद्ध करवून घेतला होता. परदेशातल्या छापखान्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या वाचकाला आपल्या लिपीत ग्रंथ द्यावा, हा त्यांचा निर्णय होता.

आज इंटर्न म्हणून राबणाऱ्या विद्यार्थ्याला यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली अशी की गुरूबद्दल आदर ठेवूनही आपल्या श्रमाचे श्रेय मागता येते. त्यात उद्धटपणा नाही. तुम्ही गोळा केलेली माहिती, तुम्ही केलेले भाषांतर, तुम्ही काढलेले फोटो कुणाच्या नावाने जातात ते विचारा. दुसरी गोष्ट अशी की भांडण झाले म्हणून काम सोडू नका. कोसंबी चार वेळा गेले, कारण ग्रंथ लॅनमन यांचा नव्हता, बुद्धघोषांचा होता.

अमेरिकेत कोसंबींनी ग्रंथालयाबाहेरचेही जग पाहिले. तिथली कामगार चळवळ आणि समाजवादाचे विचार त्यांना जवळचे वाटले. १९२९ मध्ये ते सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला गेले. तिथे बौद्ध विद्येच्या अभ्यासासाठी संस्था उघडली होती. दुःखाचे मूळ तृष्णेत आहे, हे ते बुद्धाकडून शिकले होते. ती तृष्णा माणसाच्या मनात असते तशी समाजाच्या मालमत्तेच्या व्यवस्थेतही असते, असे ते प्रवासाने पाहू लागले. विहारात बसून पाली शिकलेला भिक्खू आणि कारखान्याच्या शहरात वावरलेला अभ्यासक, हे दोघे त्यांच्या पुढच्या लेखनात एकत्र दिसतात.

शिकलेले परत आणणे

आता मुख्य गोष्ट. प्रवास करून विद्वान झालेले पुष्कळ असतात. कोसंबींचे वेगळेपण असे की प्रत्येक फेरीनंतर ते काहीतरी घेऊन परत आले आणि वाटले.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यात पालीचे शिक्षक झाले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे आणि ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी. महाराष्ट्रात पुढे पालीचा अभ्यास टिकला तो या पिढीमुळे. बौद्ध धम्माच्या २५०० वर्षांचा आढावा घेणारा भारत सरकारचा १९५६ चा ग्रंथ बापटांनी संपादित केला. म्हणजे ज्या वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी कोसंबींच्या विद्यार्थ्याचे काम देशासमोर आले.

१९२२ नंतर काही वर्षे ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि त्या चळवळीत त्यांना तुरुंगवासही झाला. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबईत परळच्या गिरणगावात कोसंबींनी बहुजन विहार उभा केला. कामगारांच्या आणि दलितांच्या वस्तीत बुद्धाचे विहार असावे, हा त्यांचा हेतू होता. पैसा बिर्लांचा होता, आणि त्याबद्दल आपल्या चळवळीत तेव्हाही शंका होती, आजही आहे. तिची चर्चा व्हावी. पण काशी, कोलंबो, केंब्रिज आणि लेनिनग्राड पाहिलेल्या माणसाला शेवटी विहार बांधण्याची जागा गिरण्यांच्या भोंग्याखाली सापडली, ही नोंद पुसता येणार नाही.

त्यांचे 'भगवान बुद्ध' हे पुस्तक पुढे अनेक भाषांत गेले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा त्यांनी जुन्या पाली सुत्तांच्या कसोटीवर तपासली आणि बाजूला ठेवली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला संघर्ष आणि शस्त्र हाती घेण्याचा सिद्धार्थाला आलेला उबग, हे कारण त्यांनी पुढे केले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचा तंटाच आहे. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या बीडच्या वाचकाला या कारणाचे वजन वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आम्हाला नेहमी विचारात पाडते. कोसंबी पाली शिकायला ज्या तीन देशांत गेले ते नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश. बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, १९५४ मध्ये ब्रह्मदेशाला आणि १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, नेपाळला. बौद्ध देशांत धम्म प्रत्यक्ष कसा पाळला जातो, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिले. एकाने आपल्या शोधासाठी पाहिले, दुसऱ्याने लाखोंना सोबत नेण्याआधी पाहिले.

किंमत कुणी मोजली

आता बाळाबाईंकडे येऊ. कोसंबी साडेसहा वर्षे फिरत होते तेव्हा बाळाबाई गोव्यात तान्ह्या मुलीला वाढवत होत्या. १९०६ मध्ये कोसंबी संसारात परतले. पुढच्या वर्षी मुलगा दामोदर जन्मला. तोच पुढचा थोर गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. १९१८ मध्ये अमेरिकेला जाताना धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या दोघांनाही शिकायला सोबत नेले. मुलीलाही नेले, हे त्या काळाच्या मानाने मोठेच. पण बाळाबाईंच्या वाट्याला वाट पाहणे पुन्हा आलेच.

आम्ही हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. शिकण्याचा प्रवास कधीच फुकट नसतो. जाणारा नाही मोजत ती किंमत मागे राहणारा मोजतो. आज ऊसतोडीला गेलेली आई एका मुलाच्या कॉलेजसाठी उचल जास्त घेते आणि पुढचा हंगाम त्या उचलीखाली काढते. घरात पैसा एकाच्याच प्रवासाला पुरणार असेल तर बहुतेक घरांत मुलगा जातो, मुलगी थांबते. रमाईंनी काय सोसले हे आपण जयंतीला गातो. आपल्या घरातल्या रमाई आणि बाळाबाई आपल्याला दिसतात का, हेही विचारावे लागेल.

१९४७ मध्ये आजाराने शरीर थकल्यावर कोसंबींनी अन्नत्याग करून शांतपणे मृत्यू स्वीकारला. त्यांच्या पश्चात स्मारक म्हणून पुतळा वा इमारत उभारण्याऐवजी पाली शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना श्रीलंकेला पाठवावे, असे गांधीजींनी सुचवले. जो माणूस स्वतः महाबोधी सभेच्या मदतीने कोलंबोला पोहोचला होता, त्याच्यासाठी याहून योग्य स्मारक आम्हाला सुचत नाही.

आपण काय करू शकतो

बाबासाहेबांना स्वतःला परदेशी जायला एका राजाची शिष्यवृत्ती लागली. म्हणून त्यांनी पुढच्या मुलांना राजाची वाट पाहायला लावली नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. बीड, जालना, परभणी, नांदेडकडची मुले तिथे पत्र्याची पेटी घेऊन आली आणि माणसे होऊन परतली. मराठवाड्याच्या बौद्ध समाजाचा पहिला शैक्षणिक प्रवास तोच.

आता पुढचा टप्पा आपला आहे. नारायणगडाच्या पंचक्रोशीतली असोत की जिल्ह्यातली इतर, प्रत्येक गावच्या विहार समितीने जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढला, तर तालुक्यातून दरवर्षी निदान एक मुलगी आणि एक मुलगा बाहेर काम शिकायला पाठवता येईल. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांनी दोन महिने एका विद्यार्थ्याला घरात ठेवले, तर खोलीभाड्याचा आणि आडनावाचा असे दोन्ही प्रश्न सुटतील. बार्टीच्या प्रशिक्षणाची आणि सरकारी शिष्यवृत्तींची माहिती विहाराच्या फळ्यावर वेळेत लागली, तरी अर्धे काम होईल.

आणि विद्यार्थ्यांनो, दूर जाता आले नाही तर अडून बसू नका. अजिंठा, वेरूळ, पितळखोरा आणि औरंगाबादची लेणी आपल्याच विभागात आहेत. तिथले शिलालेख वाचायला, लेण्यांची मोजमापे घ्यायला, आलेल्या लोकांना माहिती सांगायला शिका. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. पाली शिकण्यासाठी आता कोलंबोला जाण्याची सक्ती नाही. तुमचे आई-वडील ज्या फडांवर जातात तिथे एक हंगाम वही घेऊन जा. उचल किती, वजन कोण करते, कोपीत शाळा का पोहोचत नाही, बाईच्या आजारपणाचा खाडा कसा कापला जातो, हे लिहून काढा. त्या फडावर तुमच्याइतके जाणणारा संशोधक कुठल्याही विद्यापीठात नाही. लहानपणी नाइलाजाने केलेला तो प्रवास आता प्रश्न घेऊन करा. पोटाचा प्रवास शिकण्याचा होतो तो तिथे.

साखवाळच्या बागेत एका मासिकाची काही पाने वाचून कोसंबी निघाले होते. आपल्या हातात त्यांनी मराठीत आणलेला बुद्ध आहे, बाबासाहेबांनी दिलेला धम्म आहे, मिलिंदसारखी कॉलेजे आहेत. आपल्या जवळची शिदोरी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. येत्या आषाढात गडावरून पालखी निघेल, दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्या दोन्हींच्या मधल्या महिन्यांत आपल्या वस्तीतून एक विद्यार्थिनी बॅग भरून शिकायला निघाली, तर धर्मानंद कोसंबींचा स्मृतिदिन आपण पाळला असे आम्ही मानू.

नमो बुद्धाय. जय भीम.